रात्रीचे दारे धरणे थांबवा

महोदय,

हवामान बदलाची चर्चा आपल्याकडे ‘दोष कुणाचा’ यावरच अडते. दोष श्रीमंत देशांचा मोठा आहे, यात शंका नाही. भारताचे हरितगृह वायूंचे दरडोई उत्सर्जन आजही जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. २०२४ मध्ये बाकूला झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत विकसनशील देशांनी हवामान बदलाशी लढण्यासाठी वर्षाला १.३ लाख कोटी डॉलर मागितले. पदरात पडले ते २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर उभारण्याचे आश्वासन. हा अन्याय ठणकावून सांगायलाच हवा. पण तोवर हातातले काम का थांबवायचे?

शेतीपंपांचेच घ्या. राज्यातली बहुतांश वीज अजून कोळशावर बनते आणि शेतीला ती अनेक ठिकाणी रात्री मिळते. आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात उसात बिबट्या असताना अंधारात दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जाणे म्हणजे काय, हे घरच्या बायामाणसांना विचारा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत वीज उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिनीला, दिवसा वीज देता येते. कोळसा वाचतो, माणूसही वाचतो. इतका सरळ फायदा देणारे उपाय फार थोडे आहेत.

धोका मात्र एक आहे, त्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. दिवसा मुबलक वीज आली की भूजलाचा उपसा वाढणार. म्हणून सौर फीडर असलेल्या गावांना पाणी वाचवणाऱ्या ठिबक सिंचनाचे अनुदान आधी आणि वेळेवर द्यावे, विहिरींची पाणीपातळी मोजून ग्रामसभेत मांडावी.

– एक शेतकरी, जुन्नर