तुझी वही सापडली

नागपूर, १२ एप्रिल

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

बर्डीवरून कूलरसाठी नवा वाळा आणला. तो बसवायचं सामान काढायला माळ्यावर हात घातला, तर तुझी एम.ए.ची मानवशास्त्राची वही हाती आली. वरच्या पानावर पाण्याचा ओघळ सुकलेला, आतलं अक्षर शाबूत. कूलर तसाच राहिला. सगळी वाचली.

दिवाळीत तू सांगितलंस की तुझं एका मुलावर प्रेम आहे, तेव्हा मी म्हणाले होते, "आपल्यात असं काही नसतं रे." वहीत दक्षिण सुदानमधल्या न्युएर गुराख्यांबद्दल आहे. मूल न झालेली बाई गाई देऊन दुसऱ्या बाईशी लग्न लावते आणि त्या घरात जन्मलेली मुलं तिला बाप म्हणतात. मला वाटलं, सापडलं! तर समासात तुझीच नोंद: हे लग्न वंशासाठी, याला आपल्या मापाने समलिंगी म्हणू नये. स्वतःच्या बाजूचा पुरावाही तू ओढूनताणून घेतला नाहीस. मला तुझा अभिमान वाटला.

मग न्यू मेक्सिकोतल्या झुनी लोकांमधली वी-वा. जन्माने पुरुष, पोशाख बाईचा, विणकामात तरबेज. १८८६ साली वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांना भेटून आली. तिच्या लोकांकडे तिच्यासाठी शब्द होता, 'ल्हामाना'. माझ्याकडे तुझ्यासाठी शब्दच नव्हता, म्हणून "नसतं" म्हणून मी मोकळी झाले.

शेवटी फोर्ड आणि बीच या दोन संशोधकांचं १९५१ चं पुस्तक. माहिती मिळालेल्या ७६ समाजांपैकी ४९ मध्ये समलिंगी संबंध काही जणांसाठी तरी रीतीत बसतात. बाकीच्यांत ते नाहीत, क्वचित आहेत किंवा लपूनछपून चालतात. त्या 'लपूनछपून'पाशी मी थांबले. फोन आला की तू गच्चीवर जायचास. डिसेंबरातही, स्वेटर न घालता. मला वाटायचं, घरात नेटवर्क मिळत नसेल. आपलं घर कोणत्या रकान्यात होतं ते आज कळलं. फार लागलं रे.

६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा निकाल, समलिंगी संबंध गुन्हा नाहीत हा, टीव्हीवर लागला होता. तू माझ्याकडे बघत होतास आणि मी चॅनल बदललं. आठवतंय मला. माफ कर.

बाबांना काही पानं वाचून दाखवली. ऐकलं, बोलले नाहीत. त्यांना वेळ लागेल, पण घर माझंही आहे.

मे महिन्यात ये. दोघं या. ऊन फार असेल, सकाळी पोहोचणारी गाडी बघा. दिवाळीत मी त्याचं नावसुद्धा विचारलं नाही. ते कळव.

तुझी,
आई