हप्ता दिसतो, कवीचे नाव का दिसत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की मोटारगाड्यांच्या जाहिरातींना ऊत येतो. क्रिकेटच्या दोन षटकांमध्ये, मोबाइलवर, जिथे पाहावे तिथे घाटातून वळणे घेत जाणारी गाडी आणि मागे आपल्या ओळखीचे एखादे जुने गाणे. जुन्या गाण्यांची विटंबना चालली आहे म्हणून आग पाखडणारी पत्रे आपल्याकडे येत असतील. माझे पत्र त्यातले नाही. गाणे विकले गेले आणि चार पैसे गीतकाराच्या घरी पोचले, तर मला आनंदच आहे. विविध भारतीवर 1967 पासून जाहिराती वाजताहेत, त्याने कोणाचे कान विटाळले नाहीत. माझी तक्रार वेगळी आहे. जाहिरातीत गाणे ऐकू येते. ते कोणी लिहिले, चाल कोणाची, गायले कोण, याचा मात्र पत्ता नसतो.

मी आकाशवाणीच्या पणजी केंद्रावर नैमित्तिक निवेदिका होते. आल्तिनोवरच्या त्या स्टुडिओत आम्हाला पहिला धडा मिळाला तो हाच, की गाण्याच्या आधी नाहीतर नंतर तीन नावे गेलीच पाहिजेत: गीतकार, संगीतकार, गायक. क्यू शीटवर, म्हणजे कार्यक्रमाच्या क्रमाच्या कागदावर, ती लिहायची आणि रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदाशी ताडून पाहायची. अक्षरे पुसट झाली असली तर लायब्ररीतल्या कार्डांचे खण उपसायचे. गीतकाराचे नाव रेडिओवर घेण्याची रीत काही आपोआप पडलेली नाही, साहिर लुधियानवींसारख्यांना त्यासाठी भांडावे लागले. एकदा वेळ कमी पडला म्हणून आमच्यातल्या एकाने एका भावगीताच्या कवीचे नाव गाळले. आठवडा उलटायच्या आत वाळपईहून पोस्टकार्ड हजर: ‘गाणे ऐकले. कवी वारले की काय?’

माझा भाचा जाहिरातींच्या व्यवसायात आहे. त्याच्यापाशी हा विषय काढला तर म्हणाला, ‘‘मावशे, तीस सेकंदांत नावे घालायला जागा खंय आसा?’’ मी त्याला त्याच्याच मोबाइलवर गाडीची एक जाहिरात लावायला सांगितली आणि शेवटी थांबवली. खाली दोन ओळी होत्या: अटी लागू, किंमत एक्स-शोरूम, चित्रातल्या अॅक्सेसरीज मूळ गाडीसोबत मिळणार नाहीत, दृश्ये तज्ज्ञांच्या देखरेखीखाली चित्रित, अनुकरण करू नये. एवढे सगळे मावले! या बारीक मजकुराची अक्षरे केवढी असावीत, पडद्यावर किती वेळ राहावीत, यासाठी जाहिरात मानक परिषदेने मार्गदर्शक नियमही केले आहेत. म्हणजे जागा आहे. ती कोणासाठी ठेवायची ते आधीच ठरलेले आहे, एवढेच.

कायदाही इथे जरा अंग चोरतो. लेखक-संगीतकाराने हक्क विकले तरी ‘ही कृती माझी’ असे सांगण्याचा त्याचा अधिकार कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 खाली शाबूत राहतो. 2012 च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला आणि गायक-वादकांनाही नाव मिळण्याचा हक्क दिला. पण गायक-वादकांच्या त्या हक्कापुढे एक पुस्ती आहे: सादरीकरणाच्या वापराच्या स्वरूपामुळेच नाव गाळावे लागत असेल तर गोष्ट वेगळी. जाहिरातवाल्यांना याहून रुंद दरवाजा कशाला हवा?

त्यात आवाजाची भानगड निराळीच. शब्द-चालीचे हक्क एकाकडे आणि मूळ ध्वनिमुद्रणाचे दुसऱ्याकडे असू शकतात. मूळ रेकॉर्ड महाग पडली की शब्द-चालीची परवानगी काढायची आणि हुबेहूब तसाच आवाज काढणारी दुसरी गायिका उभी करायची. अमेरिकेत 1985 मध्ये फोर्डच्या जाहिरातीसाठी बेट मिडलर या गायिकेला विचारणा झाली. तिने नकार दिला. तेव्हा तिच्याच पाठीमागे कोरसमध्ये गायलेल्या बाईला बोलावून हुबेहूब तिच्यासारखे गाऊन घेतले. गाण्याची परवानगी रीतसर होती. आवाजाची कोणी विचारली? ऐकणाऱ्यांना वाटले मिडलरच गाते आहे. ती कोर्टात गेली, आणि प्रसिद्ध गायिकेचा ओळखीचा आवाज माल खपवण्यासाठी मुद्दाम नकलून काढणे गैर आहे, असे 1988 मध्ये अपील न्यायालयाने म्हटले. पुढे तिला चार लाख डॉलर भरपाई मिळाली. आपल्याकडे रेकॉर्ड ऐकून ऐकून हुबेहूब गाणाऱ्या मुली गावोगावी आहेत. गुणी असतात बिचाऱ्या. जाहिरातीत नाव त्यांचेही येत नाही.

नाव कळले तर काय होते, त्याचेही उदाहरण गाडीचेच आहे. निक ड्रेक हा इंग्रज गायक 1974 मध्ये सव्विसाव्या वर्षी गेला. हयातीत त्याच्या रेकॉर्डी फारशा खपल्या नव्हत्या. 1999 मध्ये फोक्सवॅगनने त्याचे एक गाणे जाहिरातीत घेतले, लोकांनी हा कोण म्हणून शोधाशोध केली आणि त्याच्या रेकॉर्डी धडाधड खपू लागल्या. पंचवीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचे भाग्य एका मोटारीने उघडले. मला यात काहीच वावगे दिसत नाही.

आमच्या फोंड्यात गेल्या चवथीच्या आधी एका शोरूमची कर्णा लावलेली गाडी फिरत होती. ‘हांव सायबा पलतडी वैतां’च्या चालीवर शून्य डाउन पेमेंटचे शब्द बसवलेले. दामूच्या लग्नाला नदीपलीकडे जायचे म्हणून नावाड्याला विनवणारी, अंगावरचे दागिने देऊ करणारी ती कलावंतीण, आणि तिच्या तोंडी मासिक हप्ता! मला हसू आले, खोटे कशाला सांगू. बाजारात भाजी घेताना बाजूचा तरुण मित्राला म्हणाला, ‘‘बॉबीतलें गाणें मरे!’’ 1973 च्या ‘बॉबी’ने ही चाल देशभर नेली, हे खरे. पण हे ‘देखणी’ या गोव्यातल्या कोंकणी गीत-नृत्याच्या प्रकारातले गाणे कार्लोस यूजेनियो फेरैरा यांचे, ‘बॉबी’च्या कितीतरी आधीचे. ज्या मातीतले गाणे तिथल्याच पोराला ते सिनेमाचे वाटावे, आणि शोरूमने त्या गोंधळात आणखी भर घालावी?

मोठ्या कंपन्या माझ्या पत्राने हलतील अशी आशा नाही. पण गोव्यातले शोरूमवाले, केबलवरच्या जाहिराती करणारे आणि कर्णेवाले यांना हे सहज जमेल. ‘अटी लागू’च्या खाली आणखी एक ओळ, कर्ण्यावरून आणखी एक वाक्य. नावे मिळत नसतील तर गाणे कुठलेही सांगा. वाळपई-साखळीकडे असे श्रोते अजून आहेत, जे तिन्ही नावे फुकट कळवतील, आणि एखादे गाळलेत तर तेही कळवतील.

आपली,
एक निवृत्त निवेदिका,
कवळे, फोंडा