दीड टनी इन्व्हर्टर एसीची सदोष जोडणी आणि वारंवार गॅस भरण्याचे आकारलेले पैसे यांबाबत तक्रार

नागपूर, १९ मे

प्रति,
विभागीय व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमच्या अधिकृत सेवा केंद्राने ११ मार्चला आमच्या घरी आर-३२ गॅसचा, पाच स्टारचा दीड टनी इन्व्हर्टर स्प्लिट एसी बसवला. त्यानंतर १४ एप्रिल आणि ६ मे अशा दोन तारखांना त्यात गॅस भरला गेला आणि दर वेळी २,८०० रुपये घेतले गेले. परवा पुन्हा थंडावा गेला. कॉल सेंटरचे उत्तर ठरलेले : “गॅस संपला असेल सर, चार्जिंग करावं लागेल.”

एसीतला गॅस म्हणजे स्कूटरमधले पेट्रोल नव्हे. तो बंद चक्रात फिरतो, खर्च होत नाही. कमी झाला तर गळती आहे. दोन्ही जॉबशीटवर गळती शोधल्याची एक ओळही नाही, फक्त ‘गॅस टॉप-अप’ आणि रक्कम.

गळतीचे मूळ जोडणीतच आहे. आमचा आधीचा एसी आर-२२ गॅसचा होता. त्याची ८ मीटरची तांब्याची लाइन भिंतीतून गच्चीवर जाते. तुमच्या माणसांनी ती तशीच नव्या मशीनला जोडली. खोक्यातून आलेले ३ मीटरचे कॉपर किट आजही न उघडता माळ्यावर पडून आहे, आणि नव्या आउटडोअरच्या व्हॉल्व्हवरचे पितळी फ्लेअर नट (नळीचे पसरवलेले तोंड, म्हणजे फ्लेअर, व्हॉल्व्हवर घट्ट धरणारे) खिडकीच्या कट्ट्यावर सापडले. म्हणजे जोडणीला जुनेच नट वापरले, तेही जुन्याच फ्लेअरसकट. अर्ध्या इंची नळीचा फ्लेअर तुमच्या माहितीपुस्तकानुसार १६.२ ते १६.६ मिमी हवा. आर-२२ साठीचा जुना नट २४ मिमी पान्याचा, नव्या गॅससाठीचा २६ मिमीचा. आटे दोन्हींचे सारखे असल्यामुळे जुना नट बसतो. पण फ्लेअरला मागून मिळणारा आधार कमी पडतो. आर-३२ चा दाब आर-२२ च्या साधारण १.६ पट असतो. त्या दाबाखाली असा जोड झिरपणारच. गच्चीवर जाड नळीच्या नटाला साबणाचे पाणी लावले की अर्ध्या मिनिटात बारीक फेस धरतो. हे तपासायला महागडे यंत्र लागत नाही.

जुन्या नळीत खनिज तेल चिकटलेले असते. आर-३२ च्या कम्प्रेसरचे तेल कृत्रिम असते आणि दोन्हींचे पटत नाही. लाइन फ्लश केली नाही, म्हणजे आतून धुतली नाही, नायट्रोजन भरून दाबाची चाचणी घेतली नाही, नळीतली हवा आणि ओलावा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप तर गाडीतून उतरवलाच नाही. बारीक नळीचा व्हॉल्व्ह ॲलन कीने पाव फेरा उघडला, जाड नळीचा नट सैल करून आठ-दहा सेकंद फुस्स आवाज येऊ दिला आणि नट आवळला. याला तुमची मुले ‘पर्ज’ म्हणतात. त्याने बरीचशी हवा जाते, ओलावा मात्र नळीतच राहतो, वर कारखान्यातून मोजून भरलेला गॅसही थोडा उडतो. हे कृत्रिम तेल ओलावा झपाट्याने शोषते, त्यातून आम्ल तयार होते आणि ते कम्प्रेसरच्या वाइंडिंगवरचे इनॅमल खाते. कम्प्रेसर लगेच जात नाही. दोन-तीन वर्षांनी जातो, आणि तेव्हा जोडणीचा दिवस कोणाच्या लक्षात नसतो.

आजची स्थिती लिहितो. इनडोअरचे झाकण उघडल्यावर कॉइलच्या पहिल्या दोन-तीन ओळींवर बर्फ, बाकी कॉइल कोरडी. आउटडोअरच्या बारीक व्हॉल्व्हवरही बर्फ. आत जाणारी हवा ३३ अंश, बाहेर येणारी २८. हा फरक १० ते १२ अंश हवा. टर्बोवर, म्हणजे सर्वांत जोरात चालवताना, क्लॅम्प मीटर ३.१ अँपिअर दाखवतो, सुरुवातीला ६.५ दाखवत होता. व्होल्टेज २२८, फिल्टर धुतलेले, कंडेन्सर पाण्याने स्वच्छ केलेला. नवतप्याच्या तोंडावर ४५-४६ अंशांत कोणताही एसी ३५ अंशांवर मोजलेली पूर्ण क्षमता देणार नाही, हे मान्य. पण बाहेर ऊन आहे म्हणून कॉइलवर बर्फ धरत नाही.

दोन्ही वेळा गॅस भरला तो गेजवरचा आकडा बघून. “एकशे तीस आला की बास.” इन्व्हर्टर मशीनमध्ये कम्प्रेसरचा वेग बदलला की दाबही बदलतो, म्हणून त्या आकड्यावरून गॅस पुरेसा आहे की नाही हे कळत नाही. आर-३२ एकच घटक असलेला वायू आहे, वरून भरल्याने त्याचे मिश्रण बिघडत नाही, एवढे खरे. पण आत किती उरला होता हेच माहीत नसेल तर किती घालायचा ते कशावरून ठरवले? मशीनच्या पाटीवर ९०० ग्रॅम लिहिले आहे, ५ मीटरपुढे दर मीटरला २० ग्रॅम. आमच्या ८ मीटरला ९६० ग्रॅम. वजनकाटा मात्र दोन्ही वेळा आणला नव्हता.

आता जे काम हवे ते असे. उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढावा. पंप डाउन, म्हणजे कम्प्रेसर चालवून गॅस आउटडोअरमध्ये ओढून कोंडणे, करू नये : लाइनला गळती असताना कम्प्रेसर हवा आत ओढतो आणि हवा व तेल एकत्र दाबले गेले की आउटडोअर फुटू शकतो. गच्चीवर आमच्या पाण्याच्या टाक्या आहेत, माणसांचे येणे-जाणे आहे. जुनी लाइन बाद करून भिंतीबाहेरून केसिंग पट्टीतून ०.८ मिमी जाडीची नवी अखंड नळी टाकावी, मध्ये जोड नको. दोन्ही नळ्यांना वेगवेगळे इन्सुलेशन हवे, कारण या मशीनमध्ये बारीक नळीही थंड असते. मशीनसोबतचे नट वापरून नवे फ्लेअर करावेत आणि टॉर्क रेंचने आवळावेत : पाव इंचीला १४ ते १७, अर्ध्या इंचीला ५० ते ६० न्यूटन-मीटर. मग नायट्रोजनची चाचणी, ५०० मायक्रॉनपर्यंत (हे नळीत उरलेला दाब मोजायचे माप) व्हॅक्यूम, पंप बंद करून तो टिकतो का याची खात्री, आणि शेवटी वजनकाट्यावर ९६० ग्रॅम. प्रत्येक आकडा जॉबशीटवर लिहून मिळावा.

५,६०० रुपये परत मिळावेत. न उघडलेले किट परत घेऊन ३ मीटरचा हिशेब करा. वरच्या ५ मीटर तांब्याचे पैसे तुमच्या दरपत्रकाप्रमाणे आम्ही देऊ, मजुरी देणार नाही. ‘अप्रमाणित पाइपिंग’ असे कारण दाखवून कम्प्रेसरची दहा वर्षांची वॉरंटी नाकारली जाणार नाही, हेही लेखी हवे. जुनी लाइन वापरण्याला आमची संमती घेतली असल्यास सहीचा कागद दाखवा. जॉबशीटवर तो रकाना कोरा आहे.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत काम झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर आणि त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे तक्रार नोंदवू. तिन्ही जॉबशीटच्या प्रती, बर्फाची आणि नटांची छायाचित्रे पत्रासोबत आहेत. नट जपून ठेवले आहेत. माणूस पाठवताना सोबत वजनकाटा आणि व्हॅक्यूम पंप असल्याची खात्री करून पाठवा, नुसता गेज घेऊन आलेल्याला गच्चीची किल्ली मिळणार नाही.

आपला,
पावतीवरील नोंदणीकृत ग्राहक