‘पानं उचलू नका’ म्हणणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. तुम्ही नातवाला न्यायला आला होतात. त्याचा डाव संपला, तुम्ही छत्री उचललीत आणि जिना उतरलात. म्हणून हे पत्र असं उघड लिहितेय, तुमच्यापर्यंत नाही तर निदान नातवापर्यंत तरी पोचेल. कर्वेनगरच्या त्या माडीवरच्या, पत्त्यांचे खेळ चालतात त्या दुकानात, खिडकीजवळच्या टेबलावर बसले होते ती मी. दोन आठवडे झाले, पण आठवलं की अजून गळा दाटून येतो.

समोरच्या मुलाशी माझं भांडण कशाचं होतं ते आधी नीट सांगते, कारण तेव्हा तुम्हाला सगळं घाईत ऐकावं लागलं. ‘मॅजिक’ हा पत्त्यांचा खेळ १९९३ सालचा, रिचर्ड गारफिल्ड यांनी बनवलेला. यात प्रत्येक जण आपला डेक, म्हणजे पत्त्यांचा संच, स्वतः बांधतो. बहुतेकांना त्यात मोठमोठे ड्रॅगन हवे असतात. माझा डेक मात्र दोन जुन्या पांढऱ्या कार्डांवर उभा आहे. ‘ह्युमिलिटी’ १९९७ चं आणि ‘ओपलेसन्स’ १९९९ चं. पहिलं म्हणतं, टेबलावरच्या सगळ्या क्रीचरच्या, म्हणजे लढणाऱ्या पात्रांच्या, क्षमता गेल्या आणि प्रत्येक जण एकास एक झाला, म्हणजे मारायची ताकद एक आणि सोसायची एक. दुसरं म्हणतं, ऑरा (दुसऱ्या कशाला तरी जोडायची कार्डं) सोडून इतर सगळी एनचँटमेंट, म्हणजे टेबलावर राहून परिणाम करणारी जादूची कार्डं, आता क्रीचर झाली. कार्ड टाकायला जी जादूची शक्ती मोजावी लागते ती मॅना; ज्याची जेवढी मॅना किंमत, तेवढी त्याची ताकद.

आता ह्युमिलिटी स्वतःच एनचँटमेंट आहे. म्हणजे ती क्रीचर होणार. क्रीचर झाली की तिची स्वतःचीच क्षमता जाणार. मग ज्यांच्या क्षमता तिने घालवल्या, त्यांच्या परत येणार का? या एका प्रश्नापायी मी आठ महिने घालवलेत. ही दोन्ही कार्डं पुन्हा छापणार नाही असं कंपनीने कबूल केलेलं आहे, त्यामुळे किंमत माझ्या आवाक्याबाहेरची. मी ती कागदावर हाताने लिहून स्लीव्हमध्ये घातली आहेत आणि डाव सुरू होण्याआधी समोरच्याला तसं सांगते. मैत्रीच्या डावात ते चालतं.

तुमच्याआधी हा डेक मी दोन ठिकाणी नेला होता. एका ठिकाणी डाव चालवणाऱ्याने कार्ड हातातसुद्धा न घेता ‘असं काही नसतं’ म्हणून निकाल दिला. दुसऱ्या ठिकाणी मी नियम दाखवायला फोन काढला, तेवढ्यात समोरच्याने पत्ते गोळा केले आणि म्हणाला, ‘ताई, साधा डेक घेऊन या, इथे सगळे खेळायला येतात.’ मीही खेळायलाच गेले होते. त्या रात्री डेक्कनहून घरापर्यंत चालत आले. हरल्याचं काही वाटलं नसतं. माझं म्हणणं चूक की बरोबर, हे बघायलाही कुणी तयार नव्हतं, ते लागलं.

तुमच्यासमोर तेच पुन्हा व्हायला लागलं होतं. समोरचा मुलगा म्हणाला, हे गोल गोल फिरत राहणार, डाव रद्द. त्याने हात पुढे केला. मीही मान खाली घालून माझे पत्ते ओढायला लागले होते, खरं सांगते. आणि शेजारच्या खुर्चीवरून तुमचा हात आला. तळवा टेबलावर सपाट ठेवलात आणि म्हणालात, ‘पानं उचलू नका. पंचनाम्याआधी जागेवरची वस्तू हलवत नाहीत.’

बस्, एवढंच. काका, तुम्हाला खेळ येत नव्हता. मी बरोबर आहे की नाही हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. तरी तो हात तिथे राहिला, मी फोनवर नियमांची फाइल शोधेपर्यंत. अडीचशेच्या वर पानं आहेत त्यात आणि माझी बोटं थरथरत होती. तुम्ही एकदाही ‘लवकर’ म्हणाला नाहीत.

मग ६१३ वा नियम निघाला आणि तुम्ही तो मला वाचायला न लावता, स्वतःही न वाचता, त्या मुलाला वाचायला दिलात. कार्डांचे परिणाम ज्या क्रमाने लागू करायचे ते सात थर. नक्कल, ताबा, मजकूर, प्रकार, रंग, क्षमता आणि सगळ्यात शेवटी ताकद. तो अडखळला तेव्हा तुम्हीच म्हणालात, ‘अरे, हे मानाच्या गणपतींसारखं आहे. मंडईत टिळक पुतळ्यापाशी कुणीही आधी येऊन उभं राहू दे, कसबा गणपतीच पुढे निघणार.’ मी आठ महिन्यांत हे कुणाला इतकं सोपं करून सांगू शकले नव्हते. प्रकाराचा थर आधी, म्हणून ह्युमिलिटी क्रीचर होते. क्षमतेचा थर नंतर, तिथे ती सगळ्यांच्या क्षमता काढते, स्वतःचीही. पण एका थरात लागू झालेला परिणाम पुढच्या थरातही लागू राहतो, त्याला जन्म देणारी क्षमता मधेच गेली तरी. यावर तुम्ही हसलात. ‘साहेबांची बदली झाली म्हणून साहेबांनी काढलेला हुकूम रद्द होत नाही.’ शेवटच्या थरात दोन्ही कार्डं ताकद ठरवतात, तिथे जे नंतर आलं त्याचं चालतं. मी ओपलेसन्स नंतर टाकलं होतं. म्हणून माझी ह्युमिलिटी चारास चार, माझी बाकीची एनचँटमेंटही आपापल्या किमतीएवढी मोठी आणि त्याचे सगळे ड्रॅगन एकास एक.

तो मुलगा बराच वेळ फोनकडे बघत होता. मग म्हणाला, ‘बरोबर आहे तुमचं.’ त्यालाही मी मानते. वाचून मत बदलणं सोपं नसतं, तेही चार जणांसमोर.

माझे बाबा मेंढीकोट खेळताना हुकुमावरून वाद झाला की हातातली पानं पालथी ठेवायचे आणि सगळ्यांना ठेवायला लावायचे. आधी बोलणं, मग खेळणं. ते गेल्यापासून तसं करणारं कुणी भेटलं नव्हतं. आपल्याकडे चांगली माणसं कमी नाहीत. बसमध्ये म्हातारीची पिशवी न सांगता मांडीवर घेणारी आहेत, रस्ता विचारला तर चौकापर्यंत सोडायला येणारी आहेत. पण ज्यात आपला काही संबंध नाही अशा वादात, कुणाचीच बाजू न घेता, ‘थांबा, आधी बघू’ म्हणणारं माणूस मला फार मोठं वाटतं. तुम्ही नोकरीत कुठे होतात ते मला माहीत नाही. पण तुमच्या टेबलासमोर कागद घेऊन उभ्या राहिलेल्या माणसांचा मला हेवा वाटला.

एक सांगायचं राहिलं. तुम्ही गेल्यावर तो डाव मी हरले. त्याच मुलाने थोडा विचार केला आणि विचारलं, ‘म्हणजे तुमची ह्युमिलिटी आत्ता क्रीचर आहे, हो ना?’ मी हो म्हटलं. त्याने एका पांढऱ्या मॅनात ‘सोर्ड्स टू प्लाउशेअर्स’ टाकलं, क्रीचरला कायमचं डावाबाहेर काढणारं. ह्युमिलिटी गेली, तिच्या ताकदीएवढे चार जीव माझ्या खात्यात आले आणि त्याचे ड्रॅगन पुन्हा ड्रॅगन झाले. पुढच्या दोन फेऱ्यांत मी संपले. नियमाप्रमाणे, शेवटच्या पानापर्यंत खेळून. मग आम्ही दोघांनी पत्ते पिसले आणि दुसरा डाव मांडला.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची