मागचा ओढा

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात ॲशव्हिलजवळ घर घेतलंस, मागे ओढा वाहतो, काकूंना हवा मानवली, वाचून फार बरं वाटलं. पण एका वाक्याशी अडखळलो : ‘फ्लोरिडा सुटलं, आता हरिकेनचा घोर संपला.’ तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

हेलीन हरिकेन आठवतं ना? २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री ते फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आदळलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या डोंगरात माणसं वाहून गेली. आधीच्या पावसानं माती तुडुंब भिजली होती. त्यावर हे वादळ आलं, डोंगराला अडलं आणि तिथेच रितं झालं. तिथल्याच डोंगरातल्या बुसिकला ३० इंचांहून जास्त पाऊस पडला. स्वानानोआ नदी घरांत घुसली, दरडी कोसळल्या, पिजन नदीनं आय-४० हायवेचा काठ तोडून नेला. ॲशव्हिलच्या नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिण्याजोगं व्हायला १८ नोव्हेंबर उजाडला.

वादळाची ‘कॅटेगरी’ फक्त वाऱ्याचा वेग सांगते, पावसाबद्दल अवाक्षर नाही. त्यामुळे ‘वादळ ओसरलं’ अशी बातमी ऐकून गाफील राहू नकोस. १९६९ मध्ये कमील हरिकेनही ओसरतच आलं होतं. व्हर्जिनियाच्या नेल्सन काउंटीत एका रात्रीत शंभराहून जास्त माणसं गेली. बरीचशी झोपेत होती रे.

किनाऱ्यावर घर सोडून निघण्यासाठी तुझा झोन ठरलेला होता. आदेश आला की गाडी काढायची. पण ते झोन समुद्राच्या उधाणासाठी आखलेले असतात. तिथे ओढ्याकाठी कधी निघायचं हे बऱ्याचदा तुलाच ठरवावं लागेल. जायचं मात्र लांब नाही, उंचावर जायचं. २००५ मध्ये रीटा हरिकेनच्या धास्तीनं ह्युस्टनचे लाखो लोक एकदम बाहेर पडले आणि उन्हात तासन्‌तास हायवेवर अडकले. तुला तसं पळायचं नाही. ओढ्यापासून वर, पण दरडीच्या उताराखाली नाही, असं एखादं घर बघून ठेव. वाटेत पूल नको. पूलच आधी जातो.

या रविवारी ती वाट स्वतः चालून बघ, काकूंना घेऊन. त्यांना किती वेळ लागतो ते घड्याळात बघ, आणि अंधार पडायच्या आत तेवढे तास हाताशी ठेवून निघ. त्यांची औषधं, कागदपत्रं, माणशी रोजचं चार लिटर पाणी एका जागी असू दे. हेलीनमध्ये मोबाइल टॉवर बंद पडले होते, म्हणून हवामानाचे इशारे देणारा, बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ घेच. रात्री ‘फ्लॅश फ्लड वॉर्निंग’, म्हणजे अचानक येणाऱ्या पुराची सूचना, वाजली तर खिडकीतून अंदाज घेत बसू नकोस. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नकोस. फूटभर पाणीसुद्धा लहान गाडी उचलतं.

आणि हो, घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. सरकारी पूरविमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो सहसा ३० दिवसांनी लागू होतो. वादळाचं नाव ऐकून धावशील तर उपयोग नाही. हे याच आठवड्यात कर.

वरचं घर ठरलं की त्यांचा नंबर मला कळव. सप्टेंबरात तुझा फोन लागला नाही, तर मी तिथे लावीन.

तुझा,
विनय