शुद्धलेखनासाठी मदत करणाऱ्यांचे आभार
तिसरीतल्या लेकीच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या गोंधळावर ज्यांनी ज्यांनी उपाय सुचवले, त्या सर्वांचे मनापासून आभार. शब्द बघायचा, झाकायचा, आठवून लिहायचा आणि मग ताडून पाहायचा, ही युक्ती लागू पडली. रोज मोजकेच शब्द. दहा-दहा वेळा लिहून घेणं बंद झालं, तशी रडारडही थांबली.

एका ताईंनी सांगितलेला नियम तर तिला फारच आवडलाय: ‘फूल’ दीर्घ, पण ‘फुलाला’ ऱ्हस्व, ‘विहीर’, पण ‘विहिरीत’. आता ती माझ्या किराणाच्या याद्या तपासते! (‘गुण’, ‘विष’ असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द हा नियम पाळत नाहीत, म्हणून त्यांच्यावर राग आहे.)

चुकलेल्या अक्षरापुरतीच खूण करा, अख्खा शब्द खोडू नका, म्हणणाऱ्या गुरुजींचे विशेष आभार. रफार अजून भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. त्यावर काही उपाय असेल तर जरूर कळवा.