७५०० ला रेषा सावरते

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दिवाळीच्या पत्राला उत्तर गेले नाही, याचा जो काही राग असेल तो हे पत्र वाचून झाल्यावर काढ, कारण जे घडले आहे ते ऐकून घेईल असे येथे कोणी उरलेले नाही. घरी सांगू लागलो की "गाडी चालते ना, मग झाले" असे उत्तर येते. माझा रक्तदाब गोळीवर ठीक आहे, गुडघा पूर्वीइतकाच दुखतो. प्रकृतीचे एवढे पुरे.

नानांच्या धाकट्याच्या मारुती एस्टीमचे इंजिन मी उघडले आहे. तेच १२९८ सीसीचे, सोळा व्हॉल्व्हचे, ७४ मिलिमीटर बोअर आणि ७५.५ मिलिमीटर स्ट्रोकचे. जुनाच कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, घासून घ्यावा असे सर्वांचे म्हणणे होते, पण घासून लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उचल, वाढवायची म्हणजे कॅमच्या गोल भागाचे बेस सर्कल लहान होते, व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरची बैठक बदलते आणि ओतकामात मिळालेला कठीण थर नेमका तेथेच पातळ होतो. सोलापुरात बसून रोज कॅमच तपासणाऱ्या माणसाला मी हे ऐकवतो आहे, तेव्हा हसून घे. म्हणून कोऱ्या ओतीवापासून नवा कॅमशाफ्ट करून घेतला: व्हॉल्व्हवर १०.२ मिलिमीटर लिफ्ट, आत घेणाऱ्या आणि बाहेर सोडणाऱ्या दोन्ही बाजूंना २८४ अंश ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, आणि लोबच्या, म्हणजे कॅमच्या उंचवट्यांच्या, मध्यांत १०८ अंशांचे अंतर. म्हणजे दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा ओव्हरलॅप ६८ अंश. तू असतास तर ३०० अंशांचा हट्ट धरून तो ८४ वर नेला असतास, आणि मग गगनबावड्याच्या घाटात मॅनिफोल्डमध्ये ब्रेकच्या मदतीला लागणारा व्हॅक्यूम नाही म्हणून ब्रेक दगडासारखा झाला असता. या मुद्द्यावर आपण एकदा पन्हाळ्यावर जेवण अर्धवट टाकून भांडलो होतो. माझे मत अजूनही बदललेले नाही.

आता मुख्य गोष्ट. ताकद मोजणाऱ्या डायनोवर मिनिटाला ७२०० फेऱ्यांपर्यंत ताकदीची रेषा तू काढली असतीस तशी स्वच्छ चढते. तेथे ती एकाएकी करवतीसारखी दातेरी होते आणि हेडमधून तो कोरडा खडखडाट येतो. इंधन पाहिले, इग्निशन पाहिले, बेल्टचा ताण पाहिला. पाहणाऱ्या प्रत्येकाचा निकाल एकच: स्प्रिंग मऊ पडते, कडक टाका. ही स्प्रिंग एकेरी आहे. व्हॉल्व्ह बंद असताना तिचा जोर २८ किलो, दर मिलिमीटरला ४.६ किलो, म्हणजे पूर्ण उघडल्यावर जवळजवळ ७५ किलो. व्हॉल्व्ह, स्प्रिंग धरणारी टोपी म्हणजे रिटेनर, रॉकरचा वाटा आणि स्प्रिंगचा तिसरा हिस्सा असे सगळे मिळून ११० ग्रॅम धरले, तर ७५०० फेऱ्यांना कॅमच्या नाकावर, म्हणजे लोबच्या टोकावर, ते वजन रोखायला सुमारे ४३ किलो लागतात. हा जोर फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो हे मान्य, तरी ८००० लाही ४९ च होतात. मग ७५ किलोची स्प्रिंग मऊ कशी?

आणि बापू, ७५०० च्या आसपास रेषा पुन्हा सावरते. हे मी ज्याला सांगितले त्याने "बरे झाले" म्हटले. व्हॉल्व्ह कॅम सोडून तरंगत असता तर वेग वाढल्यावर तो अधिकच तरंगला असता, सावरला नसता, हे तुझ्याखेरीज कोणाच्या लक्षात येणार? मी स्प्रिंगच्या हलत्या वेढ्यांचे वजन धरले तर ४९ ग्रॅम भरले. त्यावरून तिची स्वतःची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४८० निघते. इंजिनच्या ७२०० फेऱ्या म्हणजे कॅमच्या ३६००, म्हणजेच सेकंदाला ६०. साठ अठ्ठे चारशे ऐंशी. कॅमच्या वक्रातला आठवा हार्मोनिक, म्हणजे एका फेरीत आठ वेळा येणारा हेलकावा, स्प्रिंगला नेमका तिच्याच तालात हलवतो, मधले वेढे लाटेसारखे मागेपुढे धावतात, टोकावरचा दाब क्षणोक्षणी कमी होतो आणि बंद होणारा व्हॉल्व्ह सीटवर उसळतो.

नानांचा धाकटा कडक स्प्रिंगची घाई करतो आहे. पुढची शर्यत जवळ आली आहे आणि त्याला गिअर ७५०० ला बदलायचा आहे. मला झोप लागत नाही ती यामुळे. समज, मी पाच टक्के जाड तार घेतली. दाब तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून नाकावर ७५ चे ९१ किलो होतील. परंतु वजनही वाढल्यामुळे कंपनसंख्या पाचच टक्के वाढून ५०४ होईल, आणि खडखडाट ७२०० वरून ७५६० वर जाईल. म्हणजे हा मुलगा गिअर बदलतो नेमका तेथे! शिवाय नाकावरचा सर्वाधिक ताण आयडलला असतो, कारण तेव्हा स्प्रिंगच्या जोरातून वजा व्हायला जडत्व नसते. सिग्नलला उभी राहिलेली गाडी लोब खात राहील. स्प्रिंग तुटली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर येईल आणि नाना मला काही बोलणार नाहीत, तेच अवघड आहे.

तू म्हणशील, डेस्मो कर, म्हणजे स्प्रिंगऐवजी कॅमनेच व्हॉल्व्ह बंद कर. १९५६ मध्ये स्वीडनमध्ये डुकाटीचे इंजिनिअर तालिओनी यांच्या डेस्मोवर १२५ सीसीची मोटरसायकल पहिल्याच शर्यतीत जिंकली, हे तू मला इतक्यांदा ऐकवले आहेस की आमच्या हिलाही पाठ आहे. १९८६ मध्ये रेनोने फॉर्म्युला वनमध्ये स्प्रिंगच्या जागी हवेचा दाब आणला, तोही मार्ग उत्तम आहे. खर्च तू कर. माझ्या आवाक्यातल्या गोष्टी दोन. एक, वर निमुळती होत जाणारी बीहाइव्ह स्प्रिंग, जिचा रिटेनर लहान आणि हलका असतो आणि जिचे वेढे सारखे नसल्याने सगळे एकाच तालात सापडत नाहीत. दुसरी, फ्लँकवरचे, म्हणजे लोबच्या चढावरचे, त्वरण एकदम न चढवता थोडे लांबवून लोब नव्याने आखणे. त्यात लिफ्टच्या रेषेखालचे क्षेत्र थोडे जाईल, तीन-चार अश्वशक्ती जातील, आणि तू पुन्हा मला भित्रा म्हणशील. मला दुसरी गोष्टच मूळ वाटते: लोब आणि स्प्रिंग एकाच हिशेबात आखायला हवेत, कॅम झाल्यावर कॅटलॉगमधून स्प्रिंग शोधणे हे काम नव्हे.

म्हणून जुना कॅम आणि त्याच्यासोबत हा नवाही पाठवतो आहे. साहेबांची रीतसर परवानगी घेऊन तुमच्या तपासणी यंत्रावर दर अंशाची लिफ्ट मोजून दे आणि पहिल्या बारा हार्मोनिकची मूल्ये काढ. आठवा दोन्हींमध्ये किती आहे एवढे कळले की नवा लोब मी येथे आखतो. मुलाला मी ७००० ची मर्यादा घातली आहे, ती तो किती पाळेल हे तू त्याच्या बापावरून ओळख.

वहिनींची बदली झाली का? नव्या घराला पाणी आले का? मुलीच्या परीक्षेचे काय झाले तेही लिही, आणि आक्कांना नमस्कार सांग. आकडे मात्र कागदावर छापून पाठव. तुझ्या अक्षरातले ३ आणि ८ अजून मला वेगळे करता येत नाहीत.

तुझा,
पांडू